खिडकीखालचा वाफा

४ नोव्हेंबर, मंगळवार

सायझिंगमध्ये मी एकतीस वर्षं लॉगबुक लिहिलं. सुताला कांजी लावायचा कारखाना तो, तिथं कुठलं बीम, म्हणजे सुताचा रूळ, कधी चढलं, कांजी किती घट्ट होती, पाळी कुणाची होती, सगळं वहीत. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असा माझा कायदा होता. कामगार त्यावरून मागं नावं ठेवायचे, ठेवू देत.

आज पुन्हा वही काढली, बागेसाठी. सकाळी निशिगंधाचं रोप आडवं दिसलं. उचललं तर अलगद हातात आलं, खालचा कांदा गायब. हे सातवं. डेलिया तर दिवाळीतच संपले. शेजारचा ऊस गुऱ्हाळाला गेला आणि त्या फडातल्या घुशी कुंपणाखालून आमच्याकडं राहायला आल्या. एकेक मांजराएवढी. भिंतीलगत उकरलेल्या मातीचे ढीग पडलेत.

कबनूरला दोन खोल्यांत राहिलो तेव्हा अंजनाची बाग म्हणजे डालड्याच्या डब्यातली एक तुळस. मागांच्या खडखडाटात ती म्हणायची, निवृत्त झालात की मला माती द्या, बाकी काही नको. इथं उचगावच्या शिवेवर घर बांधलं ते तिच्या मातीसाठी. सहा वर्षं तिनं बाग केली. श्रावणात अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली, बोलणं जड झालं, गिळणं अवघड झालं. आता तिचा पलंग मागच्या खिडकीला लावलाय. तिथनं तिला निशिगंधाचा वाफा दिसतो, म्हणजे दिसायचा.

एक गोष्ट लिहून टाकतो, कारण बोललो तर लोक हसतील. बाग टिकली तर ती टिकेल, असं माझ्या डोक्यात बसलंय.

६ नोव्हेंबर

शेजारचा केरबा येऊन बिळं बघून गेला. हा मूळचा मुरगूडचा. एस.टी.तून निवृत्त झाला, आता दोन म्हशी आणि गावभरची मतं सांभाळतो.

"अण्णा, कशाला डोस्कं पिकवताय? औशीद आणतो. कणकीच्या गोळीत घालायचं, दोन दिवसांत समदं गार."

"आमच्यात चालत नाही, केरबा."

"तुमी नगा घालू की. म्या घालतो. पाप माज्या नावावर."

मी नको म्हटलं. खरं तर क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. सायझिंगमध्ये कांजीला सोकावलेले उंदीर मारायचं औषध यायचं, त्या चिठ्ठीवर एकतीस वर्षं सही माझीच होती. औषध पेरायला दुसरा माणूस असायचा आणि मी आमच्या जैन बस्तीत, मंदिरात, जाऊन हात जोडायचो. अंजनाला हे माहीत होतं. ती कधी टोचून बोलली नाही, फक्त निवृत्तीच्या दिवशी म्हणाली, "सुटलात बघा." आता तिच्याच खिडकीखाली जीव मारू?

९ नोव्हेंबर, रविवार

रोपवाटिकेत तीन तास घालवले. प्रश्न एकच विचारला, घूस कशाला तोंड लावत नाही? मालक म्हणाला, चाळीस वर्षांत गिऱ्हाइकानं फूल मोठं येईल का विचारलं, फळ कधी धरेल विचारलं, हे पहिल्यांदाच.

त्याचं म्हणणं असं की उग्र वास किंवा चीक असलेलं झाड घुशी सहसा सोडून देतात. झेंडू, गवती चहा, पुदिना, वेखंड, कोरफड आणि अडुळसा आणला. त्यानं कण्हेर आणि एरंडही पुढं केले. ते मी हातात धरून उभा राहिलो. ही विषारी. घुशीनं खाल्लं आणि मेली, तर मारलं कुणी? तिनं आपणहून खाल्लं म्हणावं, तर केरबाची कणकेची गोळीही ती आपणहूनच खाते. परत ठेवले. मालकाला वाटलं असेल, म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला आहे.

घरी आल्यावर अंजनाला एकेक पान चुरगाळून हुंगायला दिलं. वेखंडाला तिनं नाक मुरडलं. अर्धाच चेहरा मुरडतो आता, पण मुरडला. बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर

सगळी रोपं लावून झाली. पुढं झेंडू आणि पुदिना, कुंपणाला गवती चहा आणि अडुळसा, खिडकीखाली निशिगंधाच्या उरलेल्या कांद्यांभोवती वेखंडाचं कडं.

आणखी एक चांगली गोष्ट झाली. अंजना पातळ लापशीला कंटाळली. म्हणाली, "चपाती द्या. मऊ. तुकडे करून." बदामही ती आता अख्खे मागते. मी रोज सकाळी पाच भिजवून, सोलून देतो. आधी वाटून द्यायचो, तर म्हणाली चघळते, चव लागते. म्हणजे गिळणं सुधारतंय.

फक्त जेवताना कुणी बघितलेलं तिला चालत नाही. तोंडाच्या डाव्या कडेनं सांडतं, लाज वाटते. म्हणाली, "तुम्ही पुढच्या दारात बसा. कुणी आलं तर आत सोडू नका." म्हणून सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला मी ताट देतो आणि पुढं पहारा देत बसतो. अर्ध्या तासानं जातो तर ताट लख्ख. आमच्या घरात ताटात उष्टं टाकायची पद्धत नाही. चाळीस वर्षांत तिच्या ताटात शीत राहिलेलं मी पाहिलं नाही आणि आजारातही तिनं ते सोडलं नाही. पुण्याहून रुचिताचा रोज फोन येतो तेव्हा मुलीला हेच सांगतो, काळजी करू नकोस, आईचं ताट स्वच्छ आहे.

खिडकीची डासांची जाळी तिनं काढायला लावली, बाग धुरकट दिसते म्हणून. काढली.

१७ नोव्हेंबर

पुढच्या बाजूला एकही नवीन बीळ नाही. कुंपणालाही नाही. रोपवाटिकेवाल्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

खिडकीखाली मात्र तीन नवीन बिळं. वेखंड उपटलेलं नाही, नुसतं बाजूला सारलंय, पाहुण्यांनी चपला साराव्यात तसं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टर घरी येऊन गेले. वजन अडतीस किलो. महिन्यापूर्वी बेचाळीस होतं.

"जेवतात का नीट?"

"ताट धुतल्यासारखं असतं. चपातीसुद्धा खाते."

"चपाती?" त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "गिळता येते?"

अंजनानं मान हलवली. डॉक्टर म्हणाले, चपाती आणि बदाम बंद, ठसका लागून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतेल. पंधरा दिवसांत वजन वाढलं नाही तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. ते निघाल्यावर तिनं माझं मनगट धरलं. उजव्या हातात अजून बरीच ताकद आहे. म्हणाली, "नळी नको. लापशी नको. चपातीच." मी हो म्हटलं, चपाती आणि बदाम चालूच ठेवले.

रुचिताला नळीचं सांगितलं आणि चूक केली. "आप्पा, मग तिला इकडंच आणते. इथं मोठं हॉस्पिटल आहे. तुमच्याच्यानं होत नाही, मान्य करा." मला राग आला. म्हटलं, तुझी आई दोन्ही वेळा ताट संपवते, मी दारात बसून राखण करतो, आणखी काय करू? तिनं फोन ठेवला.

वजनकाटा जुना आहे. त्याच्यावर माझा विश्वास नाही.

२५ नोव्हेंबर

पिंजरा लावला. केरबानं कुत्सितपणे विचारलं, सापडल्यावर तिला काय ओवाळणार हाय का? सापडली. एवढी तुकतुकीत, अंगावर चरबी. पिंजरा मोटरसायकलला बांधून ओढ्यापलीकडं सोडून आलो. जाताना ती गप्प बसली होती, शहाण्यासारखी. घरी आलो तोवर खिडकीखाली नवीन ढिगारा.

चांगली पोसलेली घूस आणि हाडं वर आलेली बायको. देव, धर्म, कर्म सगळं मानतो मी, पण हा हिशोब मला कुणीतरी समजावून सांगावा.

२९ नोव्हेंबर

पाप केलं. लसूण लावला.

अंजनानं कंदमूळ सोडून बावीस वर्षं झाली. कांदा, लसूण, बटाटा या घराच्या उंबऱ्याच्या आत आला नाही. पण रोपवाटिकेवाला म्हणाला, घुशीला लसणाएवढा दुसऱ्या कशाचा तिटकारा नाही. केरबाकडनं मूठभर पाकळ्या आणल्या आणि ती झोपली असताना वाफ्यात लावल्या. चार ठेचून बिळांच्या तोंडातही टाकल्या. हात तीनदा साबणानं धुतले. चौथ्यांदा धुताना रडू आलं. ते लसणाचं नव्हतं.

तिच्या व्रताच्या खिडकीखाली मी हे केलं आणि तिला सांगितलं नाही. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्यातलं हे पहिलं लपवणं.

३० नोव्हेंबर

लसणाच्या ओळीतून घुशीनं रस्ता काढला.

३ डिसेंबर, बुधवार

तानाबाई सकाळी येऊन अंजनाचं अंग पुसते, कपडे बदलते आणि तासाभरात जाते. आज जाताना दारात थांबली.

"अण्णा, वैनींच्या आंगावर काय न्हाय ओ राह्यलं. पाठ पुसताना मला भ्या वाटतंय."

"जेवते ती. आजारच तसा आहे."

"जेवत्यात व्हय?" तिनं पदर खोचला. "तुमी बघितलाय का कवा, जेवताना?"

मी म्हटलं, तिला आवडत नाही. तानाबाई चपला घालून निघून गेली. या बायकांना दुसऱ्याच्या घरात नाक खुपसल्याशिवाय चैन पडत नाही.

संध्याकाळी बांगड्या काढून ठेवल्या. अंजनाच्या हातातून आपोआप कोपरापर्यंत जात होत्या.

६ डिसेंबर, शनिवार

लिहायचं नव्हतं. लिहितो.

आज शेवटचा कांदाही गेला. आता खिडकीखाली निशिगंध नाही. वेखंड, लसूण, परवा लावलेला निवडुंग, त्यांच्या मधे उकरलेली माती. घराभोवतीच्या सगळ्या जमिनीत घुशींनी माझं ऐकलं, फक्त या तीन हातांत नाही. असं काय आहे तिथं? सायझिंगमध्ये एकाच बीमवर सूत तुटत राहिलं तर मी यंत्र थांबवून कारण शोधायचो. इथं कारण सापडत नाही. मी वाफ्यात गुडघ्यावर बसलो आणि हातानं माती थोपटत राहिलो, किती वेळ माहीत नाही.

वर बघितलं तर अंजना खिडकीतून बघत होती. म्हणाली, "पुरे आता. या आत."

मी म्हटलं, "तू आणि ही बाग, दोन्ही माझ्या हातातनं चाललंय, आणि मला काही करता येत नाही."

तिनं तोंड फिरवलं. मला वाटलं, रागावली. मी असं बोलायला नको होतं.

सोमवारी डॉक्टर वजन करणार. वाढलेलं नाही, हे कळायला काटा कशाला हवा.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी सव्वादहाला केरबा कुदळ घेऊन आला. अंजनाला नुकतंच ताट देऊन मी पुढं बसलो होतो. म्हटलं, तासाभरानं ये. तो म्हणाला, म्हशींची येळ हुती, आत्ताच मोकळा झालोय.

"मारत न्हाय अण्णा, शप्पत. बीळ उकरून बघू, तोंडं किती हायती ते कळंल. मग आत बाभळीचं काटं भरून बुजवू."

मागं गेलो. खिडकीत अंजनाचा हात होता, आम्हाला बघून आत गेला. केरबानं दीड हात उकरलं. बीळ दोनदा वळलं आणि खाली एक कप्पा लागला. त्यानं आत हात घातला आणि थांबला.

"अण्णा, हिकडं या."

चपातीचे तुकडे. वाळून पापडासारखे झालेले, काही नुसते मळकट. थरावर थर. आणि बदाम. केरबानं मूठभर बाहेर काढून तळहातावर धरले.

"एवढ्या श्रीमंत घुशी मी मुरगुडात बी बघितल्या न्हाईत," तो हसला. मग एक बदाम उलटासुलटा करून बघितला. "सोलून कोण टाकतंय ओ?"

त्यानं खिडकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. हसू गेलं. बदाम परत बिळात ठेवले, कुदळ खांद्यावर घेतली. "म्हशीस्नी पाणी दाखवायचं राहिलंय," म्हणाला आणि कुंपणाच्या फटीतून निघून गेला. म्हशींचं सगळं आटोपलंय, हे त्यानंच मघाशी सांगितलं होतं.

मी सवयीनं बदाम मोजायला लागलो. आठवर थांबलो.

खोलीत गेलो. ताट लख्ख. खिडकीच्या चौकटीवर चपातीला लावलेल्या वरणाचा एक ओघळ होता, ताजा. मी आयुष्यात अंजनावर आवाज चढवला नव्हता, आज चढवला. काय काय बोललो ते वहीत येणार नाही. शेवटी विचारलं, "अन्न सोडून देह ठेवायचं व्रत, सल्लेखना घेतलीस का मला न सांगता?"

तिला हसू आलं. अर्धंच.

"नाही हो. तेवढी धीराची नाही मी." एकेक शब्द जुळवत बोलत होती, मधे थांबत होती. "जात नाही खाली. दूध तेवढं थोडं जातं. चपाती नाही जात. लापशीही नाही. लापशी टाकता येत नाही, भिंतीला ओघळते."

"मग मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर नळी. मग पुणे. रुचिता नेणार." ती श्वास घ्यायला थांबली. "मला इथं राहायचंय. ताट रिकामं दिसलं की तुमचा चेहरा फुलायचा. मला तेवढंच जमत होतं."

"आणि माझी झाडं? महिनाभर मी वेड्यासारखा..."

"ते बरं होतं. तुम्ही झाडांत होतात. मला बघत बसला असतात तर मोडून पडला असतात." मग म्हणाली, "लसूण लावलात ना? वास आला मला. बोलले नाही. म्हटलं, दोघांचं एकेक."

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. महिनाभर घुशींना काय आवडत नाही ते शोधत फिरलो. त्यांना काय मिळतंय, हे बघितलं नाही. दारात कुत्र्यासारखा बसून राखण केली, कुणी बघू नये म्हणून. दोनदा रोज. तानाबाईला कळलं, डॉक्टरांना संशय आला, मला चाळीस वर्षांच्या ताटानं आंधळं केलं.

डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, आज वजन राहू दे, उद्या दवाखान्यात आणा. आज फक्त दाट ताकासारखी पेज, पाठीला उशा लावून, एक चमचा, मग पुढचा, घाई नको. ठसका लागला तर थांबायचं.

मुगाची पेज केली, गाळून घेतली. पाचला तिच्यासमोर बसलो. महिनाभरात पहिल्यांदाच. इतके दिवस मी अर्ध्या तासात ताट रिकामं झालं म्हणून खूश होतो. एक चमचा गिळायला तिला दहा मिनिटं लागतात. मान खाली घालते, डोळे मिटते, गळ्याच्या शिरा ताणतात, मग ठसका, मग डोळ्यांत पाणी. पहिला गेला. दुसऱ्याला इतका ठसका लागला की मी वाटी खाली ठेवली, तिनं बोटानं परत उचलायची खूण केली. तिसरा गेला तेव्हा पावणेसहा झाले होते.

आमच्यात दिवस मावळल्यावर खायचं नाही. सहा वाजून दोन मिनिटांनी मावळतो, कॅलेंडरवर बघून ठेवलं होतं. वाटी भरलेलीच होती. मी म्हटलं, "आज राहू दे ते. आजाऱ्याला सूट असते. महाराजांना विचारून प्रायश्चित्त मी घेईन." ती नाही म्हणाली. मी हात जोडले. नाही. मग चौथा चमचा घाईनं पुढं केला, तिनं तोंड उघडलं, डाव्या कडेनं ओघळ आला, मी हनुवटी पुसली. बाहेर ऊस तोडलेल्या रानावर तांबडं झालं होतं. तिनं उजवा हात वाटीवर आडवा धरला. संपलं.

वाटी घेऊन मी तसाच बसलो. ती भिंतीवर आपटावी असं वाटत होतं, आणि तिला उचलून कुठंतरी पळून जावं असंही. नळीशिवाय ती जगणार नाही. नळी घातली, पुण्याला नेली तर इथलं सगळं संपलं. माझ्याजवळ लावायला आता एकही झाड नव्हतं.

सव्वासहाला रुचिताचा फोन आला. "आप्पा, आज आई जेवली?"

अंजना माझ्याकडं बघत होती. खोटं बोललो असतो तर ती काही म्हणाली नसती. "तीन चमचे," मी म्हटलं. मग महिनाभराचं सगळं सांगितलं, खिडकी, चपाती, बदाम. रुचिता म्हणाली, "सकाळी निघते. तुम्ही दोघं तयार राहा." तिचा आवाज फुटला होता.

फोन ठेवला. अंजनाकडं बघायचं धाडस होईना. बॅगा कपाटावर आहेत, काढाव्या लागतील, असं काहीतरी पुटपुटलो.

"किती सांगितलं?" तिनं विचारलं.

"तीन."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, झालं, आता ही माझ्याशी बोलणार नाही. मग म्हणाली, "चार होते."

"चौथा हनुवटीवरनं गेला, अंजना."

"अर्धा गेला. अर्धा गिळला मी."

मी परत फोन लावला. रुचितानं एका रिंगमध्ये उचलला, घाबरून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "चार. चार चमचे. मघाशी माझं चुकलं."